इंजिनातील तेलगळती : उगम कसा शोधावा

वऱ्हाडातील शेतकऱ्यास वंगणाची ओळख नव्याने करून द्यावयास नको. बंडीचे चाक कुरकुरू लागले की आसास वंगण द्यावयाचे, ही रीत घरोघरी चालत आली. त्यातील थोडेफार वाटेवर गळाले तरी कोणी त्याचा हिशेब ठेवीत नसे. चार दिवसांनी पुन्हा दिले की झाले. ऑइल इंजिनाची व ट्रॅक्टरची गोष्ट निराळी आहे. येथे तेल वरून लावावयाचे नसून ते आतल्या आत फिरत राहावयाचे असते. खालच्या चेंबरमधून पंप ते उचलतो, फिल्टरमधून गाळून क्रँकच्या बेअरिंगांना, कॅमला आणि वर टॅपेटपर्यंत पोचवितो, आणि तेथून ते ओघळून पुन्हा चेंबरमध्ये येते. या फेऱ्यात कोठे फट पडली म्हणजे तेल बाहेर येऊ लागते. ती फट नेमकी कोठे आहे हे मात्र बाहेरून पाहणारास सहसा उमगत नाही.

किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली पुण्याजवळ खडकी येथे निघाली, आणि पुढील काळात डिझेल इंजिने गावोगावच्या विहिरींवर जाऊन बसली. १९६३ साली मुंबईत इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापन झाली. आज विहिरींवर बहुतेक ठिकाणी विजेचे पंप आहेत. परंतु नांगरणी, पेरणी, फवारणी, मळणी व मालाची वाहतूक यांसाठी ट्रॅक्टरचे इंजिन वर्षाचे कितीतरी दिवस चालते. यास्तव तेलगळतीचा विचार हा केवळ मिस्त्रीचा विषय राहिलेला नाही.

‘थोडे गळते, चालावयाचेच,’ असे पुष्कळ शेतकरी म्हणतात. ते थोडे म्हणजे किती, हे एकदा मोजून पाहावे. साधारणपणे २० थेंबांचे १ मिलिलिटर होते. दर १० सेकंदांस १ थेंब पडत असेल तर तासास ३६० थेंब, म्हणजे सुमारे १८ मिलिलिटर तेल जाते. १० तासांच्या नांगरणीत ते १८० मिलिलिटर होईल. हे नुकसान सोसता येण्याजोगे आहे, मात्र रोज सकाळी तेल मोजले पाहिजे. तोच थेंब दर सेकंदास पडू लागला तर १० तासांत सुमारे १.८ लिटर तेल जमिनीवर जाईल. मध्यम शक्तीच्या ट्रॅक्टरच्या इंजिनात एकूण तेल ६ ते ८ लिटर असते. एप्रिल-मे महिन्यांत अकोला-अमरावतीकडे पारा ४५ अंशांकडे झुकलेला असताना पातळ झालेले तेल अधिकच वेगाने सुटते, आणि इंजिनावर भार असल्याने त्याची गरजही तेव्हाच सर्वांत अधिक असते. अशा वेळी तेलाच्या दाबाचा तांबडा दिवा लागलेला लक्षात आला नाही, तर क्रँकचे बेअरिंग धरते व इंजिन जागच्या जागी थांबते. मृग तोंडावर आलेला असताना हे घडले म्हणजे पेरणी दुसऱ्याच्या ट्रॅक्टरच्या पाळीवर अवलंबून राहते.

याविषयी प्रस्तुत लेखकाने पाहिलेले एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. दर्यापूर तालुक्यातील एका गावी एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरखाली, इंजिन व क्लच यांच्या जोडाखालील छिद्रातून, तेल ठिबकू लागले. तालुक्याच्या ठिकाणच्या मिस्त्रीने ते पाहताच क्रँकचे मागचे ऑइल सील गेल्याचे सांगितले. हे अनुमान अगदीच निराधार नव्हते. ते छिद्र अशा गळतीची खूण मिळावी म्हणूनच ठेवलेले असते. परंतु मागचे सील बदलावयाचे म्हणजे ट्रॅक्टर मधोमध दुभंगावा लागतो. दोन दिवस गेले, मजुरी गेली, नवे सील बसले. आठवडाभर जमीन कोरडी राहिली आणि नंतर थेंब पुन्हा पडू लागले. सील हलक्या प्रतीचे निघाले असावे असे समजून ट्रॅक्टर पुन्हा दुभंगला. या खेपेस चार दिवसही गेले नाहीत. आता क्रँकच घासला असावा, तेव्हा पूर्ण इंजिन उतरवावे, असा सल्ला मिळाला. शेतकरी त्या खर्चासाठी घरातील हरभरा भावाची वाट न पाहता विकावयास निघाला होता.

तेल जेथे दिसते तेथूनच ते निघाले असे धरून चालणे ही या प्रकरणातील मूळ चूक होय. इंजिनाबाहेर पडलेले तेल दोन गोष्टींच्या अधीन असते. एक, ते खाली उतरते. दुसरे, पुढील पंख्याचा वारा त्याला मागे ढकलतो. टॅपेट कव्हरच्या कोपऱ्यातून सुटलेला ओघळ हेडच्या कडेने, ब्लॉकच्या पाठीवरून, नळ्यांच्या आडोशाने वाट काढीत मागच्या जोडापाशी येऊन थेंब धरतो. म्हणून ज्या ठिकाणी थेंब पडतो तेथे न थांबता, सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची ओली जागा शोधावी. उगम तेथे किंवा तिच्या अगदी जवळ असतो.

आपल्या काळ्या जमिनीने हा शोध अधिक अवघड केला आहे. उन्हाळी नांगरणीत आणि मळणीच्या वेळी उडणारी धूळ व भुसा तेलावर बसतो आणि त्याचा जाड लेप तयार होतो. त्या लेपाखाली सर्वच ओले असते. अशा इंजिनाकडे पाहून गळतीचे निदान करणे म्हणजे चिखलात पावले मोजण्यासारखे आहे. तरीही पुष्कळ ठिकाणी निदान तसेच होते, कारण इंजिन धुण्यात अर्धा दिवस मोडतो व त्या कामाची मजुरी मागावयास मिस्त्रीस संकोच वाटतो. तो अर्धा दिवस शेतकऱ्याने स्वतः द्यावा हे उत्तम.

प्रथम गळणारा पदार्थ कोणता हे ठरवावे. रात्री ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून त्याखाली जुने वर्तमानपत्र पसरावे व कागदावर ट्रॅक्टरचे तोंड कोणीकडे होते ते लिहून ठेवावे. सकाळी डाग पाहावेत. डिझेल इंजिनाचे वापरलेले तेल काळे असते. गिअरचे तेल दाट असून त्याला पुष्कळदा गंधकासारखा उग्र वास येतो. हायड्रॉलिकचे तेल मधाच्या रंगाचे व स्वच्छ दिसते. डिझेल कागदावर दूरवर पसरते व वासावरून लगेच ओळखता येते. क्लचच्या खालील छिद्रातून गिअरचे तेल येत असेल तर इंजिनाचे सील बदलून काहीही साधणार नाही, कारण दोष पलीकडच्या बाजूस, गिअरपेटीच्या शाफ्टवरील सीलमध्ये असतो.

त्यानंतर इंजिन पूर्ण थंड असताना लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने लेप खरवडून काढावा. थोड्या डिझेलमध्ये ब्रश बुडवून वरून खाली घासत यावे व कोरड्या चिंध्यांनी पुसावे. तापलेल्या इंजिनावर, विशेषतः डिझेल पंपावर, गार पाण्याचा फवारा मारू नये. आतील बारीक भाग एकदम आकसून अडकण्याची भीती असते. एअर क्लीनरचे तोंड व विजेच्या जोडण्या प्लॅस्टिकच्या कागदाने बांधून घ्याव्यात. इंजिन कोरडे झाल्यावर संशयित जागांवर खडूची बारीक पूड कापडाच्या पुरचुंडीतून झाडावी. घरातील अंगाला लावावयाची पावडरही चालते. पांढऱ्या थरावर तेलाची पहिली रेघ उमटताच ती काळी उठून दिसते. मोठ्या शहरांतील काही कार्यशाळांत तेलात रंगद्रव्य मिसळून विशिष्ट दिव्याच्या प्रकाशात गळती शोधतात. ती रीत चांगलीच आहे, परंतु खेड्यात खडू पुरेसा होतो.

आता ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये, ब्रेक लावून, चाकाखाली लाकडी ठोकळे घालून सुरू करावा. उपरणे, दुपट्टा, सैल बाही यांपैकी काहीही पंख्याच्या पट्ट्याजवळ जाऊ देऊ नये. प्रथम मंद गतीने ५ मिनिटे व नंतर मध्यम गतीने १५ ते २० मिनिटे इंजिन चालवावे आणि दर ५ मिनिटांनी बॅटरीच्या प्रकाशात वरून खाली निरखावे. टॅपेट कव्हरची कड, हेडचा जोड, तेलाच्या दाबाच्या स्विचची चूड, फिल्टरची बैठक, टायमिंगचे झाकण, पुढच्या पुलीमागील सील, चेंबरची कड आणि अखेरीस मागचा जोड, असा क्रम ठेवावा. दाबाखालील तेल सुटत असेल, उदाहरणार्थ स्विचपाशी किंवा फिल्टरपाशी, तर रेघ इंजिन सुरू होताच उमटते. टॅपेट कव्हर किंवा चेंबर यांचे पाझरणे मात्र तेल तापल्यावर, सावकाश दिसते. एका खेपेस काहीच दिसले नाही तर धीर सोडू नये; एखादा तास शेतात काम करून पुन्हा पाहावे. काही गळती भार आल्याशिवाय प्रकट होत नाही.

दर्यापूरच्या त्या ट्रॅक्टरवर बाराव्या मिनिटाला टॅपेट कव्हरच्या मागच्या, डिझेलच्या नळ्यांनी झाकलेल्या कोपऱ्यात रेघ उमटली. ती ब्लॉकच्या पाठीवरून सरळ खाली गेली आणि पाऊण तासाने त्याच बदनाम छिद्रापाशी थेंब लोंबू लागला. उगम सापडला, परंतु कारण अजून सापडावयाचे होते. टॅपेट कव्हरचे गॅस्केट चांगल्या स्थितीत होते, मग तेल तेथून का यावे?

येथे ब्रीदरचा विचार करणे प्राप्त आहे. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळालेला वायू थोडाफार त्यांच्या बाजूने खाली चेंबरमध्ये उतरतोच. तो बाहेर जावा म्हणून इंजिनास ब्रीदर, म्हणजे श्वासनलिका, ठेवलेली असते. तिच्या तोंडाशी किंवा झाकणात जाळी असते. ही वाट तुंबली म्हणजे आतला दाब वाढतो आणि तो जेथे जागा मिळेल तेथून तेलाला बाहेर रेटतो. आज टॅपेट कव्हरमधून, उद्या पुढच्या सीलमधून, परवा मागच्या सीलमधून. एक जागा बंद केली की दुसरी उघडते, आणि शेतकऱ्यास वाटते की आपल्याला सुटे भाग वाईट मिळत आहेत. एकाच वेळी अनेक ठिकाणी पाझर दिसला, किंवा बदललेले सील अल्पावधीत पुन्हा गळू लागले, तर दुसरे काहीही करण्यापूर्वी ब्रीदर उघडावा. तो साफ करण्यास वाटीभर डिझेल लागते.

त्या ट्रॅक्टरच्या ब्रीदरची रबरी नळी काढून पाहिली तेव्हा तिच्या खालच्या टोकात कुंभारीण माशीने मातीचे घर केले होते. दिवाळीनंतर ट्रॅक्टर काही आठवडे गोठ्यामागे उभा होता. त्या अवधीत हे घडले असावे. उरलेली जागा तेल व धूळ यांच्या चिकट गोळ्याने भरली होती. नळी व जाळी धुतल्यावर आणि टॅपेट कव्हरखाली नवे गॅस्केट घातल्यावर गळती थांबली. क्रँकला काहीही झालेले नव्हते.

ब्रीदर साफ असूनही दाब वाढत असेल तर रिंगा व लायनर झिजल्याची शक्यता असते. मंद गतीने चालणाऱ्या इंजिनावर तेल ओतण्याचे झाकण काढून ते त्याच तोंडावर उलटे, सैल ठेवावे. ते किंचित थरथरत असेल तर चिंता नाही. ते उडून पडत असेल, आतून फुसफुस धूर येत असेल आणि सायलेन्सरमधूनही निळसर धूर निघत असेल, तर वायू प्रमाणाबाहेर खाली उतरत आहे असे समजावे. अशा इंजिनावर सील बदलीत बसणे व्यर्थ आहे. आधी रिंगांचे काम करून घ्यावे.

तेलाची पातळी हाही पुष्कळदा दुर्लक्षिला जाणारा मुद्दा आहे. धुऱ्यावर तिरप्या उभ्या असलेल्या ट्रॅक्टरची पट्टी खोटे माप दाखविते. ‘अधिक घातले तर बरेच’ असे समजून वरच्या खुणेच्या पुढे तेल भरले तर क्रँक ते घुसळतो, फेस होतो व तेल सीलमधून बाहेर पडते. याउलट तेल न घालताच पातळी वाढत असेल तर ती आनंदाची गोष्ट नव्हे. पट्टीवरील तेल पातळ होऊन त्यास डिझेलचा वास येत असेल, तर डिझेल पंपातून इंधन आत झिरपत आहे. तेल दुधट दिसत असेल तर पाणी शिरले आहे. या दोन्ही स्थितींत इंजिन त्याच क्षणी बंद करावे.

पाण्याचा हा धोका पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात विशेष आहे. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर या भागांत पुष्कळ ठिकाणी भूजल खारे आहे. तेच पाणी रेडिएटरमध्ये सतत घातल्याने लायनरच्या बाहेरील बाजूस क्षार साचतात, लोखंड गंजते, आणि लायनरच्या तळाशी असलेली रबरी कडी निकामी होऊन पाणी चेंबरमध्ये उतरते. जे पाणी पिकाला सोसत नाही ते इंजिनालाही सोसत नाही. रेडिएटरसाठी उत्पादकाने सांगितलेले कूलंट योग्य प्रमाणात वापरावे. त्यात मिसळण्यास क्षार काढलेले पाणी मिळाले तर उत्तम, ते न मिळाल्यास पावसाचे स्वच्छ साठविलेले पाणी घ्यावे.

उगम निश्चित झाल्यावर दुरुस्तीतही काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. पत्र्याच्या चेंबरचे बोल्ट पान्याने जोर लावून आवळले तर छिद्राभोवतीचा पत्रा दबतो व दोन बोल्टांच्या मध्ये फट पडते. आवळावे तितके अधिक गळते. चेंबर काढून कड सागवानी ठोकळ्यावर हलके ठोकून सपाट करावी, नवे गॅस्केट घालावे आणि बोल्ट मधून कडेकडे, आलटून पालटून, थोडे थोडे घट्ट करावेत. चेंबरच्या तळाच्या नटाखाली तांब्याचा वायसर असेल तर तो वापराने कठीण होतो. नवा मिळेपर्यंत जुना लाल होईतो तापवून पाण्यात बुडविल्यास पुन्हा मऊ होतो.

साबण, सुतळी, लाख असले उपाय बाहेरून लावून गळती थांबत नाही, कारण तेलकट पृष्ठभागावर काहीच धरत नाही. ट्यूबमधील सिलिकॉन सीलंट उपयोगी आहे, परंतु ते जेथे उत्पादकाने सांगितले असेल तेथेच व बारीक धारेने लावावे. चपातीला तूप लावल्याप्रमाणे ते थापले तर आत गेलेले तुकडे सुटून तेलपंपाच्या जाळीवर बसतात. मग गळती थांबलेली असते आणि तेलही चेंबरमध्ये भरलेले असते, परंतु ते बेअरिंगपर्यंत पोचत नाही.

सील खरोखरीच गेले असेल तेव्हा नवे बसविण्यापूर्वी शाफ्टवर नखाने चाचपावे. जुन्या सीलच्या ओठाने तेथे चर पाडला असेल तर नवे सीलही त्याच चरावर बसून लवकरच गळू लागेल. सील किंचित पुढेमागे बसवून त्याचा ओठ कोऱ्या जागेवर आणता येतो; जेथे तशी सोय नसेल तेथे शाफ्टवर पातळ बाही चढवितात. सीलचा ओठ तेलाच्या बाजूस असावा व त्यास आधी तेल लावावे. कोरडे सील पहिल्या मिनिटातच भाजते.

विहिरीवर अजून जुने, मंद गतीचे एकसिलिंडरी इंजिन चालवीत असाल तर त्याच्या बाजूच्या झाकणावरील ब्रीदरमध्ये एक लहान चकती असते. ती आतील हवा बाहेर जाऊ देते, परंतु बाहेरची आत येऊ देत नाही. त्यामुळे इंजिनाच्या पोटात थोडी पोकळी राहते व तेल बाहेर येत नाही. ही चकती चिकटली किंवा उलटी बसली की दोन्ही फ्लायव्हीलांच्या बाजूने तेल येते. अशा इंजिनाखाली पत्र्याचे ताट ठेवावे, कारण तेथे गळलेले तेल विहिरीच्या पाण्यात उतरावयास फारसा वेळ लागत नाही.

ग्रामसेवक व कृषी सहायक बंधूंना एक विनंती आहे. गावातील ट्रॅक्टरधारकांस एकत्र करून उन्हाळी नांगरणी सुरू होण्यापूर्वी, एखाद्या सकाळी, एका ट्रॅक्टरवर धुण्यापासून खडूची रेघ दिसेपर्यंतचे काम सर्वांसमक्ष करून दाखवावे. जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत डिझेल किंवा ट्रॅक्टर मेकॅनिकचा वर्ग असल्यास तेथील निदेशकांस बोलवावे. अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात, ज्याची स्थापना १९६९ साली झाली, कृषी अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे. तेथेही विचारणा करता येईल. गावच्या मिस्त्रीस मात्र वगळू नये. त्यास अडाणी ठरविण्यासाठी हा प्रयोग नाही. इंजिन धुतलेले असेल व रेघ दिसत असेल तर तो पुढचे काम आपल्यापेक्षा चांगले करील.

दुरुस्तीच्या वेळी काढलेले जळके तेल धुऱ्यावर, नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. बैलाच्या खांद्यावरील जखमेस किंवा खरजेस ते लावण्याची चाल काही ठिकाणी आढळते, तीही बंद व्हावी. त्या तेलात धातूचे कण व अपायकारक पदार्थ उतरलेले असतात. ते झाकणाच्या डब्यात साठवून, जुने तेल शुद्धीकरणासाठी घेणाऱ्या अधिकृत व्यापाऱ्याकडे पोचवावे. काम संपल्यावर हात डिझेलने न धुता साबणाने धुवावेत, आणि तेलाने भिजलेल्या चिंध्या गोठ्यातील कडब्याजवळ टाकू नयेत.